गादीत शिरलेल्या नसा

दोघे भाऊ घरसामान हलवायचं काम करत. जिन्यावरून जड वस्तू उतरवताना थोरला वरून धरायचा, धाकटा खालून. खालच्यावर भार जास्त येतो. तो भार धाकट्याने बारा वर्षं पेलला आणि मग एके दिवशी त्याची कंबर धरली, ती सुटेचना.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. तेव्हापासून थोरल्याला चेव चढला. हाडं शाबूत आहेत, आळस तेवढा हाडीमाशी खिळलाय, असं तो गिऱ्हाइकांसमोर हसत हसत सांगायचा. धाकटा ऐकून घ्यायचा. पण बसलं तरी कमरेत आग आणि उभं राहिलं तरी आग, त्यामुळे त्याचाही तोल जायला लागला होता. एकदा खोलीचं दार त्याने बुक्क्या घालून फोडलं. बोटांची सालटं निघाली, पण तेवढा वेळ कमरेचा विसर पडला, असं तो वहिनीला म्हणाला.

त्या दिवशी एका वकिलाच्या ऑफिसातली लोखंडी तिजोरी तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटा म्हणाला, टेकव, माझ्याच्याने होत नाही. तिजोरी पायरीच्या कडेला टेकवून तो तिथेच पालथा पडला.

थोरल्याने दोनदा ऊठ म्हटलं. मग तिजोरीला वळसा घालून त्याने बुटाचं टोक धाकट्याच्या कमरेत घातलं.

"इथे दुखतं? का इथे?"

प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. तिसऱ्या लाथेला धाकट्याच्या हाताला तिजोरी सरकवायला आणलेली पहार लागली. पडल्या पडल्याच त्याने ती फिरवली आणि थोरल्याचा गुडघा बाजूला वळला. थोरला भिंतीवर आदळला. धाकटा कठड्याला धरून उठला. दुसरा घाव अडवायला थोरल्याने हात वर केला, तो कोपरातून मोडला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. या झटापटीत तिजोरीला धक्का लागला. ती कठडा तोडत, पायऱ्यांचे टवके उडवत खाली गेली. खाली कुणी नव्हतं हे नशीब.

धाकट्याने पहार तिसऱ्यांदा उचलली ती डोक्याच्या वर. तेवढ्यात कमरेतून अशी कळ आली की पाय गेले आणि तो भावाच्याच अंगावर कोसळला. वकिलाचा शिपाई धावत आला तेव्हा दोघे एकाच रक्तात पडून विव्हळत होते.

तिजोरी घसरली, असं थोरल्याने पोलिसांना सांगितलं. धाकट्याला वाटलं, भावाला माया आली. वहिनी म्हणाली, माया कसली, लाथांचंही सांगावं लागलं असतं.

धाकट्याचा एमआरआय झाल्यावर डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. धाकटा सोंग करत होता की नाही, हे वहिनीने त्यांना नवऱ्यादेखत सरळ विचारलं.

बाई म्हणाल्या, "दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. निरोगी गादीच्या आतल्या भागात नसा नसतातच, त्यामुळे तिथे दुखण्याचा प्रश्न येत नाही. यांची गादी सुकून फाटलीय. अशा गादीत एक प्रथिन तयार व्हायला लागतं, ते नसांना वाढायला लावतं. मग फटींतून नसा आत शिरतात. जिथे कधीच दुखायला नको तिथे दुखतं. त्या नसा फोटोत दिसत नाहीत, पण फाटलेली गादी दिसतेय."

"आणि तिथे लाथ बसली तर?" थोरल्याने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

बाईंनी धाकट्याच्या पाठीवरचे काळेनिळे डाग पाहिले होते. "तुम्हीच विचार करा," एवढंच त्या म्हणाल्या.

थोरल्याचा हात सरळ झाला नाही. सामान वाहायचा ट्रक विकला गेला. धाकटा व्यायामाला जाऊ लागला, दुखणं निम्म्यावर आलं, पण गेलं नाही. वर्षभर भाऊ भावाशी बोलला नाही. मग एका दुपारी थोरला लंगडत धाकट्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिसऱ्यांदा पहार उचलली होतीस, ती कुठे मारणार होतास?"

"डोक्यात."

थोरल्याने मान हलवली. "मीही थांबलो नसतो," तो म्हणाला. "तू मेला असतास तरी लाथा घालत राहिलो असतो. ते मला झोपू देत नाही."

धाकट्याने घरातली एकुलती एक खुर्ची भावापुढे सरकवली आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहिला.