रोलरवरची दादा

टिटवीने पहिल्याच दिवशी मला दादा म्हटलं आणि मी तिला शिवी हासडली. तिला शिवी कळली नाही, मला दादा कळलं नाही. फिट्टंफाट.

आमचा धुलाई कारखाना आहे. शहरातल्या चार दवाखान्यांच्या चादरी इथे येतात, रक्ताने, औषधाने आणि नाव घेऊ नये अशा गोष्टींनी माखून, आणि कोऱ्या कागदासारख्या होऊन परत जातात. पुण्याचं काम आहे, असं बाहेरचे लोक म्हणतात. म्हणणाऱ्याने एकदा येऊन एक गाठोडं सोडावं, मग पुण्याचं बोलावं.

मी इस्त्रीच्या रोलरवर असते. दोघींनी चादरीची दोन टोकं ताणून पट्ट्यावर लावायची. पेडल एकीच्या पायाखाली, म्हणजे माझ्या. पेडल दाबलं की चादर तापलेल्या रोलरखाली जाते, आणि समोरचीची बोटं मध्ये असली तर बोटंही जातात. म्हणून नियम एकच. पेडलवालीने हाक मारायची, समोरचीने बोटं उचलून ओ द्यायची, मग पाय. ओ नाही तर पाय नाही. माझ्या आधीच्या जोडीदारणीची दोन पेरं ह्याच रोलरने खाल्ली, माझ्या पायाने. ती खोकत होती आणि मला घाई होती. तेव्हापासून मी ओ ऐकल्याशिवाय हलत नाही. मुकादम मागे उभा राहून कितीही दात खाऊ दे.

नवी आली ती उंच, काटकुळी, आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. चादरींवरचे डाग काढणाऱ्या डागवालीने तिचं नाव टिटवी करून टाकलं. मी हाक मारायची, "टिटवी." ती बोटं उचलून म्हणायची, "दादा." पाळीत सहाशे चादरी होतात. म्हणजे सहाशे वेळा दादा.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला धरलंच. आमची इथली बोली म्हणजे सगळ्यांच्या भाषांची मोडतोड करून केलेली गोधडी, पण काम भागतं.

"दादा दादा काय लावलंयस? मी काय गल्लीतला गुंड आहे?"

"दादा म्हणजे बहीण," ती म्हणाली. "आमच्यात. तू मोठी, म्हणून दादा."

"आमच्यात दादा म्हणजे थोरला भाऊ."

"भाऊ म्हणजे काका," ती म्हणाली.

"काका म्हणजे बापाचा भाऊ."

डागवाली पलीकडे डबा खात होती, तिचा घास घशात अडकला. तिचा मुलूख तिसराच. "आमच्यात दादा म्हणजे पोरं सांभाळणारी बाई," ती म्हणाली. "आणि काका म्हणजे तुमच्या ह्या चादरींवरून मी दिवसभर धुते ते."

गाडीवाला गाठोडी उतरवत होता. तोही घुसला. त्याच्या भाषेत दाऽदा म्हणजे छान, मजेत. "कसं काय विचारलं की दाऽदा म्हणायचं. भांडता कशाला?"

सगळे हसले, मीही हसले. चौघांच्या चार भाषा, एकमेकींशी ना नातं ना गोतं, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच चिमूटभर शब्द. प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. त्यांचं एक ठीक होतं, त्यांना तो रोज लागत होता. मी तो एकोणीस वर्षं तोंडातून काढला नव्हता.

माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आई पहाटेच्या पाळीला जायची, तेव्हा शाळेत जाताना माझी वेणी तोच घालायचा. इतकी घट्ट की डोळे कपाळात जायचे. बाई विचारायच्या, रडतेस का गं? मी रडत नव्हते, दादाने वेणी घातली होती. पुढे लग्न झालं. नवरा मारायचा. पाच वर्षं मी मार खाल्ला, सहाव्या वर्षी एका पिशवीत दोन साड्या कोंबून भर दुपारी दादाच्या दारात उभी राहिले. तो जेवत होता. उष्ट्या हाताने उठून आला. पिशवी बघितली, माझा सुजलेला गाल बघितला, आणि म्हणाला, "आलीस तशी परत जा. लोक काय म्हणतील?" उजवा हात खरकटा होता, म्हणून दार डाव्या हाताने लावलं.

मी परत गेले नाही. नवऱ्याकडे नाही आणि दादाकडेही नाही. लोकांनी काय म्हटलं ते ऐकायला मी तिथे थांबलेच नाही, थेट ह्या परमुलखात आले. पण खोटं कशाला बोलू? आजही केस बांधताना मी शेवटचा पीळ जरा जास्तच ओढते.

आणि आता एक परकी पोरगी मला दिवसातून सहाशे वेळा त्याच नावाने ओ देत होती. पहिले काही दिवस माझ्या हातून चादर वाकडी लागायची. मग सवय झाली, आणि ती जास्त वाईट. रविवारी सुट्टी असली की कान रिकामे वाटायचे.

अशाच एका मंगळवारी वहिनीचा फोन आला. एकोणीस वर्षांत पहिला. नंबर तिने कुठून शोधला कोण जाणे.

"वन्सं, ह्यांना झटका आलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या माणसांनी बोलत राहा. ऐकू येतं, सगळं कळतं. उपयोग व्हायचा असेल तर ह्याच दिवसांत होईल म्हणाले. दुसरा झटका आला तर काही खरं नाही. तुम्ही दोन शब्द बोला."

"त्याने सांगितलं?"

"ते कसे सांगतील, वन्सं? मीच मागतेय."

उद्या दुपारी साडेबाराला फोन करते, मी म्हणाले. रात्रभर शिव्या जुळवल्या, सकाळी सगळ्या विसरले. मला त्याला काय द्यायचं होतं, शिव्या की दुसरं काही, तेच ठरत नव्हतं. पण तो गेला आणि माझं बोलायचं राहिलं, तर पुढची एकोणीस वर्षं मी भिंतीशी बोलत बसणार, एवढं पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात, रिकाम्या ढकलगाड्यांच्या आडोशाला जाऊन फोन लावला. टिटवी पायरीवर बसून भाकरीचा तुकडा मोडत होती.

"कानाला लावलाय त्यांच्या," वहिनी म्हणाली. "बोला."

"दादा," मी म्हटलं.

आणि थांबले.

पलीकडून नुसता श्वास, घरघर. मी थांबले. माझा उजवा पाय टाचेवर टेकून, चवडा उचलून तसाच अधांतरी, जसा दिवसभर पेडलवर असतो. ओ आली नाही. कशी येणार? वाचा गेलेला माणूस ओ कुठून देणार? हे मला कळत होतं, पण अंगाला कळत नव्हतं. ओ नाही तर पुढे काही नाही. एवढं बोलायचं साठलेलं, आणि जीभ रोलरसमोर हात वर करून उभी.

"वन्सं? बोलताय ना? ते वाट बघतायत." मग तिचा आवाज दूर गेला, "बहुतेक लागत नाहीये हो," आणि फोन कट.

मी फोन पिशवीत टाकला. टिटवी बघत होती.

"भाऊ?" तिने विचारलं. तिला सकाळीच सांगितलं होतं.

"हो."

"बोलली नाहीस."

"त्याने ओ दिली नाही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी अर्धवट आहे. मग पदराला बोटं पुसून स्वतःचा फोन काढला. एक नंबर उघडला आणि अंगठ्याने वर सरकवत राहिली. सगळे तिच्याच बाजूचे निरोप. दर रविवारी एक. खाली एकही उत्तर नाही.

"माझी दादा," ती म्हणाली. "थोरली. आम्ही दोघी निघालो होतो. वाटेत गर्दीत हात सुटला. चार वर्षं झाली." फोन पालथा ठेवला. "मी बोलते. जेवले, पाय दुखतो, मुकादम गाढव आहे. सगळं सांगते."

"आणि ती ऐकत नसेल तर?"

"तुझा ऐकतोय ना," टिटवी म्हणाली. "मग तुझी थेरं कसली?"

तिने ते चिडून म्हटलं. तिच्या जागी मी असते तर कानाखाली दिली असती. मी फोन परत काढला.

"वहिनी, परत लावा त्याच्या कानाला. आणि मी थांबले तरी कट करू नका."

घरघर ऐकू आली. ह्या वेळी मी हाक मारली नाही, सरळ सुरुवातच केली. "तू दार लावलंस. हात धुवायलाही थांबला नाहीस. माझा गाल बघितलास आणि लोक आठवले तुला. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बस थांब्यावर बसले होते. वाटलं, हात धुऊन येशील. प्रत्येक सायकलवाला तूच वाटत होता." आणि मग जे सुटलं ते सुटलंच. इथलं सांगितलं, त्या जोडीदारणीची पेरं सांगितली, पहिल्या वर्षी कोणाशीच बोलता येत नव्हतं म्हणून नळाशी बोलायचे तेही सांगितलं. वेण्यांचं सांगताना आवाज फाटला. फाटू दिला.

भोंगा झाला. टिटवी उठली, पण आत गेली नाही. मुकादम दारात आला, तशी ती त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आपल्या भाषेत काहीबाही बडबडायला लागली.

"वन्सं, पुरे करा आता," पलीकडून वहिनी रडत म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांतून धार लागलीय."

"लागू दे."

"अहो, आजारी माणूस तो." मग त्याला, "आणा इकडे, मी घेते फोन." थोडी झटापट ऐकू आली. मग वहिनीचा आवाज, पण दुरून. "सोडत नाहीयेत. डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलाय हो. बोटंसुद्धा उघडू देत नाहीत."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"राहू दे त्याच्याकडेच," मी म्हटलं. "माझं अजून संपलं नाहीये."