रेषेखालचा ठिपका

"आधी तो पंखा बंद कर. कागद उडतायत," सर म्हणाले.

कागद उडत नव्हते. ते सरांनीच काटेबाईंच्या टेबलावर पसरले होते आणि वर आपली पिशवी ठेवून दिली होती. काटेबाईंनी मुकाट्याने पंखा बंद केला. निवृत्त माणसाने घरी बसावं, पेपर वाचावा, बायकोशी भांडावं. हे गृहस्थ रोज सकाळी बाईंच्या आधी हजर. सरांना संस्थेत खोली उरली नव्हती, म्हणून बाईंची खोली त्यांची झाली होती.

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हतं, नव्या माणसाला तसं वाटे खरं. वजनकाट्यातला तो काटा. आकाशातल्या दीर्घिका शेकडोंनी एकत्र राहतात, त्यांचे समूह होतात, आणि त्या समूहांची वजनं काढणं हे बाईंचं काम. एवढं धूड तराजूत कोण घालणार? पण समूहाच्या पोटात वायू असतो, कोट्यवधी अंश तापलेला. समूह जितका जड, तितकी त्याची ओढ जबर आणि तितका वायू गरम. तेव्हा ताप बघायचा आणि वजन सांगायचं. "म्हणजे डॉक्टरीणच की," असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. ताळा पाहायला दुसरी रीत होती. मागून येणारा प्रकाश समूहापाशी किती वाकतो, त्यावरूनही वजन निघे. आडवं तापमान, उभं हे वजन असा आलेख काढला, की सगळे ठिपके एका तिरक्या रेषेला धरून बसत.

एक सोडून. तो सरांचा.

तो समूह सरांनी तरुणपणी शोधला होता आणि जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जाई. भलताच गरम आणि वजनाला बेताचा, म्हणून रेषेच्या खाली एकटाच लटकलेला. ठिपका बरोबर आहे, तुमची रेषाच चुकीची आहे, असं सर दर परिषदेत उभे राहून सांगत. आधी लोकांनी ऐकून घेतलं, मग वाद घातला, मग ते चहाला उठून जाऊ लागले. सरांच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं.

आणि आता नव्या दुर्बिणीने त्या समूहाचं चित्र पाठवलं होतं. तो एक समूह नव्हताच. दोन होते, आणि ते एकमेकांवर आदळत होते. वायू तापला होता तो त्या धडकेने, वजनाने नव्हे. अशा धडकलेल्यांचा ताप खरा धरत नाहीत, त्यांना आलेखातून वगळतात. बाईंचा लेख आज पाठवायचा होता आणि सरांना हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे बाईंनीच. रोज ठरवून यायच्या, आणि रोज सर असं काही बोलायचे की नको तो डोक्याला ताप, असं म्हणून त्या गप्प बसायच्या.

"या वेळी माझ्या समूहावर वेगळा परिच्छेद हवा," सर म्हणाले. "मागच्या लेखात तळटीपेत घातलंस मला."

"जागा नव्हती, सर."

"रेषेला जागा होती. मलाच नव्हती."

तेवढ्यात फोन वाजला. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू. "अगं, गोळी घेतली का विचार त्यांना."

"सर, काकू विचारतायत, गोळी घेतली का?"

"घेतली म्हणून सांग."

"घेतली म्हणतायत, काकू."

"म्हणजे नाही घेतली. आजचा दिवस सांभाळून घे गं त्यांना. तुमच्या त्या लेखापायी धड जेवले नाहीत."

सांभाळून घे. बाईंना सांभाळून घ्या, असं आजवर कोणी कोणाला फोन करून सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं, तर सर संगणकाच्या पडद्याला नाक लावून उभे.

"हे कुठलं चित्र? किती खरखरीत ठेवलंयस. जरा हात फिरव त्यावरून."

हात फिरवणे हा सरांचा खास शब्द. जुन्या दुर्बिणींना प्रकाशाचे कण मोजकेच मिळत, चित्र रव्यासारखं दिसे. मग एकेक कण आजूबाजूला पसरून ते गुळगुळीत करायचं. सरांनी ही कला सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवली होती, बाईंनाही. त्यांचा हात जरा जास्तच फिरे.

"हात फिरवूनच घोळ झालाय, सर," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता, पण आता तो खाली आणायचं त्राण नव्हतं. "हा तुमचाच समूह आहे. नीट बघा, दोन आहेत. आदळतायत. आता हात फिरवते." त्यांनी एक कळ दाबली. दोन्ही गोळे विरघळून एक झाले. "झाला तुमचा एक."

बाई भांडणाची वाट बघत राहिल्या. भांडले असते तर बरं झालं असतं, त्यांची तयारी होती. सर खुर्चीत बसले.

"आदळून किती काळ झाला असेल?"

"चाळीसेक कोटी वर्षं."

"आणि निवायला?"

"अजून शंभर-दोनशे कोटी तरी."

"म्हणजे निवला की रेषेवर येईल."

"येईल, सर."

"घाई झाली माझी," सर म्हणाले.

बाईंना फार वाईट वाटलं, आणि आपल्याला इतकी वर्षं छळणाऱ्या माणसासाठी वाईट वाटतंय याचा रागही आला.

"काढ तो ठिपका," सर म्हणाले.

"संध्याकाळी काढते की."

"आत्ता. माझ्यासमोर."

बाईंनी ठिपका काढला आणि संगणकाला रेषा नव्याने आखायला लावली. पडद्यावर काही घडलं नाही. उरलेल्या शेकडो ठिपक्यांमधून रेषा जशीच्या तशी गेली.

सर मान खाली घालून चष्मा पुसत होते. "हलली का गं रेषा?"

बाईंनी आयुष्यात कधी आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

"हलली, सर. थोडीशी."

"कुठल्या बाजूला?"

ठिपका रेषेच्या खाली होता. तो गेल्यावर रेषा हललीच, तर एकाच बाजूला हलू शकत होती.

"वर," बाई म्हणाल्या.

"बरोबर," सर म्हणाले. पुसून झालेला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला नाही, तसाच खिशात ठेवला.