परातीतल्या गोळ्या

केसरला काही म्हणता काही कळेना. समोर राही डॉक्टरीण दोन कागद घेऊन बसलेली, आणि तिलाही काही कळत नव्हतं. आता शिकलेल्यांनीच डोकं धरलं, तर बोंबील वाळवणाऱ्या बाईनं करायचं काय!

"मावशी, तुमचं नि मनुबाईंचं रक्त इतकं सारखं कसं? सूज दोघींचीही अर्धीच उतरलीय. असं होत नाही हो."

राही आगरदांड्याच्या दवाखान्यात आमवातावर संशोधन करायला आली होती. अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी उलटतात नि आपल्याच सांध्यांवर धावून जातात, असं तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. म्हणजे राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावतो, हे केसरला पटलं. पटलं नाही ते पुढचं. काही बाटल्यांत नवं औषध, काहींत औषधाविना नुसत्याच गोळ्या, आणि कुणाला काय मिळालं ते राहीलाही ठाऊक नाही. घ्या!

केसरची नि तिची थोरली जाऊ मनुबाई हिची, दोघींची बोटं वाकडी झालेली. बोटं चालली नाहीत तर बोंबील दोरीला लागत नाहीत, घरात चूल पेटत नाही. मग बाटल्या मिळाल्या त्याच दिवशी, होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळीचं करतात तेच दोघींनी केलं होतं. दोन्ही बाटल्या एका परातीत ओतल्या, कालवल्या नि दोन वाटे घातले.

"वाटे घातले, बाय. चुकलं काय?" केसरनं विचारलं.

राहीनं कपाळावर हात मारला. "दोघींची नावं संशोधनातून काढावी लागतील आता. गोळ्याही बंद." मग हळूच म्हणाली, "एकीचीच बाटली खरी असणार, मावशी. तिनं एकटीनं घेतली असती, तर बोटं सरळ झाली असती."

"कुनाची खरी?"

"मला तरी कुठं माहीत!"

केसर घरी आली ती भिरभिरतच. गोळ्या बंद, एवढं तिनं मनुबाईला सांगितलं. एकीचीच खरी, हे मात्र घशातच राहिलं. का राहिलं, तिचं तिलाच कळेना.

मनुबाईनं डबी उघडली. "एकच उरलीय. तू घे अख्खी. तुजी बोटं जास्त वाकडी हायत."

एरवी केसरनं विळी ओढून गोळीचे दोन तुकडे केले असते. तीन महिने सगळं अर्ध्यावरच चाललं होतं. आज तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विळीकडे हात गेला नाही. गोळीवर तिची मूठ मिटली, आणि कधी नव्हे ती घट्ट मिटली.