धक्का कुणाचा

पाचव्या महिन्यात बाळानं पहिली लाथ मारली तेव्हा मी 'धक्का! धक्का!' ओरडत अंगणात पळाले होते. मी केळशीची, समुद्राकाठची. भूकंप म्हणजे काय ते लग्न होऊन इकडे डोंगरपायथ्याच्या पोफळी गावात आल्यावर कळलं. सगळी आळी बाहेर आली. कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मग माझ्या पोटाकडे बघून बायका ज्या हसायला लागल्या! त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

इथे धक्क्याला कुणी घाबरत नाही, त्याचा आकडा सांगतात. जमीन हलली की जो तो दारात येऊन ओरडतो, 'अडीच!' 'तीन!' मोबाईलवर खरा आकडा आला की चुकलेल्यानं चहा पाजायचा. माझे सासरे, भागोजी आबा, पस्तीस वर्षं धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या, डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कामाला होते. धक्का बसला की ते जमिनीवर तळवा टेकवून 'थांब गो बाय, थांब' म्हणतात आणि मग आकडा सांगतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण यंदा तेच धास्तावलेत.

"आधी पाऊस दोन म्हयने पडायचा, धरण सावकाश भरायचां," ते म्हणतात. "आता चार दिवसांत भरतां. डोंगरावर एकदम एवढां वजन टाकलां तर तो कण्हेल नाय तर काय?"

भूकंप मोजणाऱ्या एक बाई गावात आल्या होत्या. धरणाच्या पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध आहे, हे त्यांनी मान्य केलं. बदललेल्या पावसाचा त्यात हात किती, हे मात्र अजून ठामपणे सांगता येत नाही, म्हणाल्या. आबांना हे 'ठामपणे' काही पटलं नाही. तिकडे केळशीला उधाणाचं पाणी परसातल्या माडांपर्यंत आलंय, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही आईनं मला माहेरी नेलं नाही. तिला वाटतं डोंगर बरा, आबांना वाटतं समुद्र बरा. मधे मी, आठवा महिना लागलेली.

त्या बुधवारी बाळ आदल्या रात्रीपासून हललं नव्हतं. असं झालं तर लगेच चिपळूणला या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण मी सकाळभर कुणाला बोलले नाही. बोललं की खरं होईल, असं वाटत होतं. मूर्खपणाच तो. दुपारी दोन घास खाऊन मी डाव्या कुशीवर पडले.

पाऊस थांबला होता. फणसाच्या ओल्या पानांतून हिरवा उजेड खोलीत येत होता. डोळे मिटले की मला ते धरण दिसायचं, डोंगरापलीकडचं, मी कधी न पाहिलेलं, काठोकाठ आणि शांत. वर धुकं उतरत होतं. त्या पाण्यात खोल माझं बाळ झोपलं होतं आणि मी काठावरून हाक मारत होते. हाक पाण्यात विरून जायची. मी आणि डोंगर, दोघंही पाण्यानं भरलेले, दोघंही कूस बदलायला भ्यायलेले. मग हळूच एक ठोसा बसला. मग दुसरा. मग सावकाश, लांबलचक तिसरा. झोपेतच माझे डोळे भरून आले. जागं झालं गं माझं सोनं, म्हटलं.

"तीन!" समोरच्या आनंदीबाईंचा आवाज आला.

"छे, अडीच!" हे आबा, ओटीवरून.

मी उठून बसले. पोटावर दोन्ही हात दाबून धरले. पोट गप्प होतं. ते तिन्ही ठोसे जमिनीचे होते.

"आबा," मी हाक मारली, "बाळ कालपासून हललं नाही हो."

आबा रागावले नाहीत. माझा नवरा भावेश वीजघरात पाळीवर होता, डोंगराच्या आत फोन लागत नाही. आबांनी मोरूची रिक्षा बोलावली आणि चपला न घालताच माझ्या शेजारी येऊन बसले.

रस्त्याची चाळण झाली होती. प्रत्येक हादऱ्याला माझा जीव आशेनं वर यायचा. खड्डा, की बाळ? इंजिन, की बाळ? काही कळेना. शेवटी मी किंचाळले, "मोरूदादा, थांबव! इंजिन बंद कर!"

रिक्षा थांबली. सगळीकडे धुकं. कुठेतरी ओहोळ वाहत होता, तेवढाच आवाज. आबा खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, तळवा मातीवर टेकवला आणि डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

डाव्या बरगडीखाली काहीतरी वळलं.

"आबा, आत्ता?"

"नाय. जमीन गप आहे."

पुन्हा. या वेळी जोरात.

"आत्ता?"

"नाय गो! ही जमीन नाय. ह्यां तुझां!"

मी मोठ्यानं रडले, अगदी लाज सोडून. मोरूनं विचारलं, "मग वळवू का घराकडे?" तर आबा त्याच्यावर खेकसले, "दवाखान्यात न्यायची ती न्यायचीच!"

मग ते रिक्षापाशी आले. जन्मभर जमिनीला 'थांब गो बाय, थांब' म्हणत आलेला माणूस चिखलाच्या हातानं रिक्षाचा दांडा धरून माझ्या पोटाशी वाकला आणि म्हणाला, "हल रे बाबा. हवां तेवढां हल."