इन म्हणजे नाही

मित्रांनो, माझी काळी पाठ बघून तुम्ही मला फळा म्हणता, ते आधी थांबवा. मी कॅरम बोर्ड आहे. आता जुना झालो आहे आणि माझं तोंड भिंतीकडे आहे, म्हणून कोणीही उठून मला काहीही म्हणावं असं नाही.

घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात मला बनवलं. शिसवीची जाड चौकट, वर गुळगुळीत प्लायवूड, त्यावर पॉलिशचे हात. मागून आधाराला उभ्या-आडव्या पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे माझ्या पाठीवर चार चौकोन झाले. ज्या कारागिराने मला घासलं होतं, त्याने शेवटी एक स्ट्रायकर टिचकीने सोडला. तो कडांना लागत लागत परत त्याच्या बोटाशी येऊन थांबला. कारागीर नुसताच हसला. तेवढी दाद मला पुढे मंडळातल्या कोणी दिली नाही.

मंडळ मुलुंडचं. एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून, त्यांची एक खोली होती. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नोकरी गेलेली कोकणातली माणसं दुपारपासून माझ्याभोवती बसत. त्यांचं दुःख मला कळत होतं. त्यांचा खेळ मात्र बघवत नव्हता. नेम चुकला की पावडर ओली, राणी हुकली की बोर्ड वाकडा. स्वतःचा हात कधी वाकडा नसे.

एकच खेळाडू म्हणण्यासारखा होता, तो नंदू. त्याचं बोट माझ्यावर टेकलं की मला बरं वाटे. तोंड मात्र खराब. जिंकला की हरलेल्याला घरी पोचेपर्यंत ऐकवायचा.

आणि या सगळ्यांच्या वर सेक्रेटरी चंद्रप्रकाश. अंधेरीच्या एका कंपनीत तो कारकून होता आणि मंडळात त्याला सगळे साहेब म्हणत. मी म्हणत नाही. त्याला इंग्रजीची भारी हौस. पावडरीच्या डब्यावरूनही तो सभा घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "धिस डिसिजन इज फायनल, फॉर द टाइम बीइंग." लोक माना डोलवत. कळत कोणालाच नसे, त्यालाही नसे.

दुसऱ्या मजल्यावरच्या दत्तारामची मुलगी अनुपमा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नापास होऊन घरी आली, ते याच सुमाराला. शाळा मराठीतून झालेली, नर्सिंगची पुस्तकं सगळी इंग्रजी. दिवाळीआधी पुन्हा परीक्षा होती. त्यातही नापास झाली तर नाव कमी होणार होतं. दत्तारामने तिला चंद्रप्रकाशकडे आणलं. त्याने सल्ला दिला की डिक्शनरी पहिल्या पानापासून घोकायला घे, रोज पंचवीस शब्द, मी स्वतः 'एम'पर्यंत गेलोय. तेरा वर्षं चालली होती त्याची डिक्शनरी.

अनुपमा खरंच घोकू लागली. घरात लहान भावंडांचा गोंधळ, म्हणून सकाळी रिकाम्या खोलीत माझ्याजवळ बसून घोकायची. मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. नाही वाटलं. चीड आली. एवढी धड डोक्याची मुलगी, आणि भाजीवाल्यासारखी नुसती नावं ओरडत होती.

तिला थांबवलं मीराबाईंनी. या बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, याच सोसायटीत मुलाच्या दोन खोल्यांत राहायच्या. जिभेला धार होती. दारातून आत न येताच त्या म्हणाल्या, "शब्द अख्खा काय गिळतेस? आधी तुकडे कर त्याचे."

फळा नव्हता. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला उलटा करून भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीला काळा रंग फासला. खडूची धूळ माझ्या खिशांत जाऊ लागली. माझा अपमान झाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

पण काय लिहिलं जातंय ते मला पाठीवर कळत होतं. बाई एका चौकोनात एकच मूळ लिहीत. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, म्हणून पोर्टर, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. 'जेक्ट' म्हणजे फेकणं, म्हणून रिजेक्ट, प्रोजेक्टर. एक दिवस त्यांनी पुस्तकातला एक लांबलचक शब्द काढला.

"सब म्हणजे खाली. क्युटिस म्हणजे कातडी, लॅटिनमध्ये. मग सबक्युटेनियस इंजेक्शन कुठे द्यायचं?"

अनुपमा म्हणाली, "कातडीखाली."

"मग महिनाभर घोकत काय होतीस?"

अनुपमा हसली नाही. ती बाकीचे शब्द पुस्तकातून स्वतः शोधू लागली. अंधेरीचा सबवे रोज तुडवणाऱ्या चंद्रप्रकाशला त्या 'सब'बद्दल कधी प्रश्न पडला नव्हता.

दुपारी नंदू आला की मला सरळ करताना टोमणे मारायचा. लॅटिन शिकून पेशंट बरा होतो का, असं विचारायचा. अनुपमा खडू उचलून निघून जायची. चंद्रप्रकाशला मात्र हा वर्गच खुपत होता. सोसायटीत इंग्रजीसाठी लोक आता बाईंचं नाव घेऊ लागले होते. म्हणून एका रविवारी तो तपासणी करायच्या थाटात वर्गात येऊन बसला.

त्या दिवशी 'इन' होतं. बाईंनी वरच्या चौकोनात लिहिलं की इन म्हणजे नाही. इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही ते, इनव्हिजिबल म्हणजे दिसत नाही ते. चंद्रप्रकाशने मान हलवली, हे तर मला ठाऊकच होतं असं पुटपुटला आणि चहाला निघून गेला. बाईंनी खडू खालच्या चौकोनात नेला. तिथे लिहिलं की हाच इन कधी 'आत' होतो. इन्सर्ट, इंजेक्ट. इन्फ्लेम म्हणजे आत ज्वाला पेटवणं. शरीराच्या एखाद्या भागाची आग होते, तो लाल होऊन सुजतो, ते इन्फ्लमेशन. तसंच जे चटकन पेट घेतं ते इन्फ्लेमेबल. ते ऐकायला खोलीत फक्त अनुपमा होती.

दसऱ्याच्या आधी मंडळाची स्पर्धा ठेवली होती. माझ्या तोंडावर घामाचा आणि तेलाचा थर बसला होता. तो ओल्या फडक्याने निघाला असता, पण चंद्रप्रकाशने रंगाच्या दुकानातून थिनरचा डबा आणला. माझं पॉलिश जाईल, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने नंदूला फडकं दिलं. नंदूने बाही वर न सारता घासायला घेतलं आणि चंद्रप्रकाशने खिशातून सिगारेट काढली.

नंदू म्हणाला, "साहेब, बाहेर जाऊन ओढा ना. वास येतोय याचा."

चंद्रप्रकाशने डबा उचलून वाचला. "इन-फ्लेमेबल. फ्लेम म्हणजे ज्वाला. इन म्हणजे नाही. न पेटणारं. शिका जरा."

अनुपमा आणि बाई तेवढ्यात दाराशी पोचल्या होत्या. अनुपमाने नको म्हणेपर्यंत काडी ओढून झाली होती.

मित्रांनो, आग कशी वाटते हे मी सांगणार नाही. माझं तोंड गेलं, एवढं पुरे. नंदूच्या हातातलं फडकं पेटलं आणि बाही पेटली. चंद्रप्रकाश सगळ्यांच्या आधी बाहेर होता. अनुपमाने खालची सतरंजी ओढून नंदूच्या हाताभोवती गच्च आवळली, ज्वाला विझल्यावर ती सोडून त्याला पंपाच्या नळाखाली नेलं. बाईंनी बाहेरची रेतीची बादली माझ्यावर ओतली. चंद्रप्रकाश आता टूथपेस्ट घेऊन आला.

"साहेब, ते लांब ठेवा," अनुपमा म्हणाली. "आणि नळ कोणी बंद करू नका."

नंदूने विचारलं, "अनू, बोटं राहतील ना गं?"

"राहतील. हात काढू नकोस."

रिक्षा येईपर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही. बोटं राहिली. कातडी मात्र आक्रसली आणि ती टिचकी परत आली नाही. तो कुरिअरच्या कामाला लागला. टोमणे मारायचा बंद झाला, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

चंद्रप्रकाशने सभा घेतली. डब्यावर मिसप्रिंट होतं आणि कंपनीला आपण जाब विचारणार आहोत, असं त्याने जाहीर केलं. बाई मागून म्हणाल्या, "तुम्ही चहाला गेलात, तेव्हा उरलेला धडा झाला." दोघे-तिघे हसले. मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवून त्यालाच पुन्हा सेक्रेटरी केलं. या माणसांसाठी मी इतके दिवस तोंड घासून घेतलं.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. बाईंनी मागून घेतलं आणि जळकं तोंड भिंतीला लावून चार खिळ्यांनी याच खोलीत ठोकलं. अनुपमा पास झाली. पहिली वगैरे आली नाही, पण पास झाली. पुढे तिला घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली.

परवा ती ड्युटीवरून इथे आली होती. वर्गात तुमच्यासारखीच मुलं होती. वॉर्डात मलेरियाचे पेशंट भरलेत, त्यांना क्विनिन देतोय, म्हणाली, आणि मग विचारलं, "बाई, क्विनिनमधला 'क्विन' म्हणजे लॅटिनमधला पाच का?"

सगळी मुलं बाईंकडे बघत होती. बाईंनी खडू माझ्या पाठीवरच्या रिकाम्या चौकोनापर्यंत आणला आणि मागे घेतला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधून सांगते. तोवर लिहू नका कोणी."

मित्रांनो, मी या खोलीत किती सभा, किती भांडणं, किती शहाणपण ऐकलं आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला कोरड्या फडक्याने पुसा, पाणी मारू नका, खिळे हलवू नका, एवढीच माझी मागणी आहे. आणि तो चौकोन रिकामा आहे, तो बाई सांगेपर्यंत रिकामाच राहू द्या.