मला विचारून जपा

मी एक पेलेट ग्रिल आहे, आणि मित्रांनो, मी चिडलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने गोड बोलायचं असतं, मधूनच उसासा टाकायचा असतो, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. महिनाभर माझ्या नावाने जे काही बोललं गेलं, ते तुम्ही ऐकलं असतं तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती.

लखनौच्या इंदिरा नगरात एका घराच्या गच्चीवर मी राहतो. घर रावसाहेबांचं. दूरसंचार खात्याच्या नोकरीत ते अकोल्याहून इकडे आले, आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. मला घरात आणलं ते त्यांच्या सुनेने, रुचिराने. शाळेतली नोकरी सोडून तिने घरूनच जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. धुरावर शिजलेलं चिकन आणि भाजल्या वांग्याचं भरीत, दोन्ही वऱ्हाडी मसाल्यात. कबाबांच्या या शहरात वऱ्हाडी झणका विकायला निघायचं म्हणजे छाती लागते. रुचिराला ती होती.

आता माझी रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या कुशीला एक डबा आहे. त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या भरतात, त्यांनाच पेलेट म्हणतात. डब्याखाली एक लांब स्क्रू फिरतो आणि पेलेट थोडे थोडे जाळाच्या वाटीत ढकलतो. पंखा वारा घालतो. आणि आत, डाव्या भिंतीतून, पातळशी पोलादी सळई बाहेर आलेली आहे. आत किती तापलं आहे हे मला त्या सळईमुळे कळतं. गार वाटलं की मी पेलेट वाढवतो, गरम वाटलं की कमी करतो. माझं सगळं शहाणपण एवढंच, पण ते मी चोख वापरतो.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! कोंबडीचं तंगडं हाडापासून अलगद सुटायचं. शेजारपाजारचे जिन्यातूनच ओरडायचे, "भाभी, क्या चीज़ बनाई है!" रुचिराचा नवरा सुगत माझ्या झाकणावर कोपर टेकून व्हिडिओ काढायचा आणि जगाला सांगायचा, "ये हमारा शेर है." मीही फुशारलो होतो. कोण नाही फुशारणार?

मग माझं बिनसलं. एकाच खेपेतलं एक तंगडं कोळसा, तर दुसरं हाडाशी कच्चं. मला गार वाटायचं, म्हणून मी पेलेट ओतत राहायचो. खूप उशिराने कळायचं की आत भट्टी झाली आहे. घाबरून हात आखडता घ्यायचो, तर जाळ विझायला यायचा, आणि तेही मला उशिराच कळायचं. असं का होतंय ते माझं मलाच समजत नव्हतं.

आणि मग सुरू झाली बोलणी. "मशीनच फालतू आहे यार," सुगत म्हणाला. दोन दिवसांनी खापर फुटलं रुचिरावर. "तू सेटिंग नीट ठेवत नाहीस. तुला जमत नाहीये हे." आणि हे बोलता बोलता हा गृहस्थ दर थोड्या वेळाने माझं झाकण उघडून बघणार, "हुआ क्या? हुआ क्या?" अरे बाबा, तू उघडतोस तेव्हा आतली सगळी ऊब जाते आकाशात! पण त्याला कोण सांगणार? रावसाहेब खुर्चीत बसून मान हलवायचे आणि म्हणायचे, "वस्तू जपून वापरावी लागते, बेटा." जपून! या शब्दाची तेव्हापासून मला शिसारी आहे.

रुचिरा मात्र हातपाय गाळून बसली नाही. तिने एक पेलेट मोडून पाहिला. ओला असता तर भुगा झाला असता, तो कट्कन मोडला. जाळाच्या वाटीतली राख तिने खरवडून काढली. वारा लागतो म्हणून मला कठड्याच्या आडोशाला ओढलं. सुगतला झाकणाला हात लावायची बंदी केली, त्यावरून तो फुगून बसला ते वेगळंच. इतकं सगळं करूनही माझी लहर तशीच. एकेक करून गिऱ्हाइकं गळाली.

राहिली फक्त नेत्रा. हवाई दलातल्या अभिजितची बायको. त्यांची बदली झाली होती, आणि निरोपाच्या जेवणाला मराठी कुटुंबं जमणार होती. तिने विश्वासाने त्या जेवणाची ऑर्डर रुचिराला दिली. सुगत म्हणाला, "ये लास्ट है, रुचिरा. हेही बिघडलं तर हा डबा कबाड़ीला, आणि तू परत शाळेत."  रुचिराने मसाला वाटायला घेतला.

निरोपाच्या दिवशी दुपारी मी पहिली खेप जाळली. काळी ठिक्कर. सुगत गच्चीवर असा ओरडला की पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. "मी सांगत होतो ना? सांगत होतो ना तुला?"

"गप्प बस," रुचिरा म्हणाली. एवढंच. खाली जाऊन तिने केकच्या ओव्हनमधला छोटा तापमापक आणला, माझ्या जाळीवर ठेवला आणि झाकण लावलं. थोड्या वेळाने उघडलं. माझ्या अंगावरचा तापमानाचा पडदा सांगत होता एकशे दहा. तापमापक सांगत होता दोनशे चाळीस.

"खोटं बोलतोय हा," सुगत म्हणाला. मी? खोटं? हातपाय असते तर तिथेच त्याला दाखवलं असतं!

"खोटं नाही बोलत," रुचिरा हळू म्हणाली. "याला कळतच नाहीये."

मला गार होऊ दिल्यावर तिने मोबाइलचा टॉर्च लावून आत हात घातला. सळईच्या जागी एक जाडसर काळं बोंड होतं, काजळीने भिंतीसारखंच झालेलं. तिने नखाने खरवडलं. आतून चांदी चमकली. ॲल्युमिनियमची फॉइल, घडीवर घडी, वरून तारेने आवळलेली.

"हे कुणी केलं?"

"मी," रावसाहेब खुर्चीतून म्हणाले, आणि चक्क कौतुकाची वाट पाहू लागले. "तेल उडून खराब होत होती ना ती. नाजूक वस्तू. जपायला नको? आपल्या टीव्हीच्या रिमोटला नाही का प्लास्टिक घातलंय!"

रुचिरा त्यांच्याकडे वळली. "बाबा, महिनाभर सुगत मला बोलतोय. तुमच्यासमोर. तुम्ही मला जपून वापर म्हणत होतात. एकदा तरी विचारायचंत, की रुचिरा, ही सळई कशाला आहे?"

"मला काय माहीत की..."

"म्हणूनच विचारायचं असतं!"

रावसाहेब उठले. मला वाटलं, आता हे रागावून खाली जाणार. त्यांनी खिशातून फोन काढला आणि नेत्राला लावला. "मॅडम, चिकन जळलं. चूक आमच्या सुनेची नाही, माझी आहे. मी मशीनची नाडीच बांधून ठेवली होती." पलीकडून नेत्रा काहीतरी बोलली. त्यांनी फोनवर हात ठेवून रुचिराकडे पाहिलं. "विचारते आहे, जेवणाच्या वेळेपर्यंत दुसरं होईल का?"

"होईल," रुचिरा म्हणाली. "सुगत, चिकन आण. आणि आलास की खालीच थांब."

तार सुटली, फॉइल निघाली, ओल्या फडक्याने सळई पुसली गेली, आणि मित्रांनो, मला पुन्हा ऊन-गार कळू लागलं! पडदा आणि तापमापक एकच आकडा सांगू लागले. मी पेलेट मोजून मापून ढकलले. कुणी झाकण उघडलं नाही. संध्याकाळी डबे भरून गेले आणि रिकामे परत आले. अभिजितने म्हणे भरीत बोटाने पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी नेत्राने आणखी दोन कुटुंबांचे नंबर पाठवले. शाळेचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातली यंत्रं सांभाळा, पुसा, राख काढा, कोरड्या जागी ठेवा. पण ज्याला जपायचं, त्याच्या जिवाची जागा कुठे आहे हे आधी विचारून घ्या. आणि कुणी वारंवार म्हणत असेल की माझं काही चुकत नाहीये, तर त्याच्यावर ओरडण्याआधी जरा आत हात घालून बघा.

माझा राग गेला असं समजू नका. रावसाहेबांनी फोनवर परक्या बाईला सांगितलं, माझी चूक. त्यांना मी माफ केलं. पण सुगतने रुचिराला अजून "माझं चुकलं" म्हटलेलं नाही. रोज गच्चीवर येतो, चव बघतो, वाहवा करतो आणि खाली जातो. तो म्हणेपर्यंत मी चिडलेलाच राहणार आहे.