तिसऱ्या गाडीची पाळी

निरंजन ‘कधीतरी’ हा शब्द इतक्या गोड आवाजात म्हणायचा, की तृप्तीला त्यात तारीख ऐकू यायची. “घरी सांगतो गं कधीतरी,” एवढं म्हणाला की बाई आठवडाभर हवेत. प्रेमात पडलं की माणसाचं गणित कच्चं होतं म्हणतात, आणि हिचा तर धंदाच गणिताचा!

मुळशीच्या गेणबाची ही लेक माणच्या एका कंपनीत कामाला होती. गोदामात ड्रायव्हरविना धावणाऱ्या गाड्या, आणि सगळ्यांना मिळून अरुंद बोळ एकच. जी ती आपल्या डोक्यानं चालणार, तर घोटाळा होईल का, हे गाड्या बनायच्या आधी ताडायचं. तृप्ती त्यांचं मॉडेल मांडायची, म्हणजे गाडीच्या प्रत्येक स्थितीला एक गोल आणि प्रत्येक हालचालीला एक बाण. मग कॉम्प्युटर एकूण एक वाट चालून बघायचा. त्याला प्रश्न दोनच. दोन गाड्या बोळात भिडणार नाहीत ना? आणि जी बोळ मागेल, तिला तो कधीतरी मिळेल ना?

त्या दिवशी पहिल्याला होकार आला, दुसऱ्याला नकार. पुराव्यादाखल एक वाटही आली. तिसरी गाडी बोळ मागते, तेवढ्यात पहिली जाते, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कुणी अडत नाही, कुणी नियम मोडत नाही. तिसरी तेवढी उभीच.

“ही कोंडी नाही,” शेजारचा अतुल म्हणाला. “कोंडीत सगळेच अडकतात. ही उपासमार, एकाचीच पाळी कधी येत नाही. एक गृहीतक घाल की, जो थांबलाय त्याला कधी ना कधी न्याय मिळतोच. लगेच सिद्ध होईल.”

तृप्तीनं ती वाट पुन्हा वाचली, आणि तिला निरंजनची एकेक कारणं आठवली. आधी निरंजनच्या बहिणीचं लग्न होतं. मग भाड्याच्या खोल्यांचा वरचा मजला, मग चुलत्यांशी वाटणी, मग पुन्हा बहिणीचंच बाळंतपण. आपण बौद्ध, त्याच्या घरचे सहजी ऐकायचे नाहीत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. न्याय मिळतोच, हेही तिनं कुणी न सांगता धरलं होतं. तिला भडभडून आलं. रोज सकाळी त्याच्याशी चहातल्या साखरेवरून भांडायचं, एवढंच तर हवं होतं. पण ते फार हवं होतं.

संध्याकाळी तिनं स्कूटर थेट निरंजनच्या दारात नेली. आजवर ती त्या गल्लीतही शिरली नव्हती. त्याची आई, साळूबाई, भाडेकरूंसाठी पाण्याची मोटर चालू करत होत्या.

“काकी, मी...”

“तृप्ती न्हवं का तू? फोटू दावलाय की त्यानं. ये, बस हितं.”

तृप्ती बसायचंच विसरली. “त्यानं सांगितलंय तुम्हाला?”

“कवाच! आधी मी रुसले, खोटं कशाला बोलू? जातीबाहेरची म्हणून लई तणतणले. मग ह्यांनी समजावलं. दिवाळीलाच आमी व्हय म्हणलं. तवापासनं इचारतोय त्याला, पोरीच्या घरी कवा जायाचं? तर म्हणतो, तिलाच घाई न्हाई.”

टाकीत पाणी पडत होतं. तृप्तीनं आजवर मनात मांडलेल्या सगळ्या वाटांवर अडवणारे घरचेच होते. अडवणारा तोच असेल, अशी एकही वाट तिनं मांडली नव्हती. आणि जे मांडलंच नाही, ते तपासणार कोण?

“च्या टाकते,” साळूबाई म्हणाल्या. “येईलच त्यो आता. तुमी दोगं बोला की समोरासमोर.”

थांबावं असं तिला वाटलं. तो दिसेल, काहीतरी गोड बोलेल, आणि आपण पुन्हा खूश होऊ, हे तिला ठाऊक होतं. तरीही थांबावंसं वाटलं.

“नको काकी, निघते. त्याला एवढंच सांगा, मला लई घाई होती.”

“होती?” साळूबाईंनी विचारलं.

तो शब्द परत घ्यावा म्हणून तिचा जीव कासावीस झाला. तिनं स्कूटर सुरू केली.